पेटाऱ्यातली राजकन्या

कोयंड्यातली लाकडी खुंटी मी उपटली, कडी वर केली आणि पेटीचं झाकण मागच्या भिंतीवर आदळलं. आत माझी नात होती. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात डोक्याखाली, डोळे मिटलेले. अंगाला माझ्याच जुन्या लाल साडीचा तुकडा गुंडाळलेला. डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट घामानं भिजून कपाळाला चिकटला होता. तोंड लालभडक, ओठ पांढरे. चुलीवरच्या गंजाचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी वाफ पेटीतून आली.

"ऊठ," मी म्हटलं. "ऊठ वं पोरी. झालं नाटक."

ती उठली नाही.

मी खांदा धरून हलवलं. डोकं एका बाजूला गेलं आणि तिथंच राहिलं. निपचित पडायचं कसं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. घरी ती कितीतरी संध्याकाळी तेच करून दाखवत असे. पापणी हलू द्यायची नाही, गुदगुल्या केल्या तरी हसायचं नाही. मी गुदगुल्या करून पाहिल्या होत्या. हसली नव्हती. म्हणून त्या पेटीपुढं उभी असताना मला कळेना, हे सोंग आहे की नाही.

मी शाळेत खिचडी शिजवते. सक्करदऱ्याच्या बाजूला आमची शाळा आहे, चौथीपर्यंतची. मागच्या भिंतीला एक भगदाड आहे, त्यातून निघालं की रस्ता आणि रस्त्यापलीकडे तलाव. माझं स्वतःचं शिक्षणही चौथीपर्यंतच आहे, पण ते नरखेड तालुक्यातल्या गावात झालं. पुढची शाळा लांब होती आणि संत्र्याच्या बागेत हात कमी पडत होते. लग्न होऊन नागपूरला आले ती इथलीच झाले. माझी मुलगी कळमेश्वरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. ती अंधारातच निघते आणि तिची पोरगी माझ्याकडे असते. पोरगी तेव्हा तिसरीत होती. मी शिजवते त्याच शाळेत, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोरच असायची. असं मी समजत होते.

तिसरीला ज्या मॅडम होत्या त्या भंडाऱ्याकडच्या. त्यांच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. त्यांचे काका त्या नाटकांतून कामं करायचे. मॅडमच्या अंगात तेच होतं. वर्गात आल्या की अर्धा वेळ फळ्यापुढे आणि अर्धा वेळ बाकांवर. हिवाळ्यात त्यांनी मुलांना एक जुनं नाटक सांगायला घेतलं. किती जुनं, तर आपल्या पणजीच्या पणजीलाही माहीत असेल इतकं, असं त्या म्हणायच्या. मूळ संस्कृतातलं. मला वाटलं, पोट्ट्यांना धड पाढे येत नाहीत आणि ह्या संस्कृत घेऊन बसल्या. पण त्यांनी संस्कृत काही काढलं नाही. गोष्ट सांगितली.

एका राणीवर खोटा आळ येतो. राजा विचारपूस न करता तिला राज्याबाहेर घालवतो आणि तिच्या लहान लेकीला कोंडायला शिपाई धाडतो. राणीची दाई त्या लेकीला पेटाऱ्यात घालून निघते. वाटेत शिपाई अडवतात. राजकन्या आत निपचित पडून राहते, हूं की चूं करत नाही. वेस मागे पडली की दाई टाळी वाजवते आणि म्हणते, "राजकन्ये, वेस ओलांडली." मग ती बाहेर येते. पुढं पुष्कळ आहे, पण पोरांचा जीव तिथंच अडकला होता.

माझं स्वयंपाकघर त्या वर्गाला लागून आहे. मला सगळं ऐकू यायचं. एक दिवस मॅडमनी एका पोराला खुर्चीवर बसवलं, वर्तमानपत्राचा मुकुट घातला आणि बाकीच्यांना सांगितलं, हा राजा, ह्याला काय विचारायचं ते विचारा.

"राजा, तू राणीले काहून हाकललं?"

"मले राग आला होता."

"राग आला तर जेवू नको ना. बायकोले काहून हाकलतो?"

"मी राजा आहो."

"राजा आहे म्हणून काय झालं? माझा बाप पण असाच म्हणते, मंग माय त्याले भाजीच देत नाही."

सगळा वर्ग हसला आणि खुर्चीवरचा राजा रडायच्या बेताला आला. मी डाळ ढवळता ढवळता ऐकत होते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राजानं उत्तर द्यायचं. राजा रडत असला तरी त्यानं उत्तर द्यायचं. नाटक थांबवायचं नाही." हे त्यांचं वाक्य होतं. त्यांच्या काकांकडून आलेलं. एकदा सुरू झालं की थांबवायचं नाही, मग मांडव पडो की लाइट जावो.

आणखी एक खूळ होतं. त्या "पुतळा!" म्हणाल्या की पोरं असतील तशी गोठून उभी राहायची. शिपाई भाला उगारलेला, राणी हात जोडलेली. हे खूळ माझ्या खिचडीच्या रांगेतही आलं. एक पोरगी ताट पुढं करून डोळे वटारून उभी राहिली, मागं सगळी रांग थांबली आणि माझ्या हातातला डाव तसाच.

"हल ना वं," मी म्हटलं.

"ती पुतळा आहे, आजी."

"पुतळ्याले खिचडी भेटत नाही. मागच्याले येऊ दे."

पुतळा लगेच हलला.

मला ते सगळं फालतू वाटत होतं असं मी म्हणणार नाही. वर्गात तोंड न उघडणारी पोरं बोलायला लागली होती, हे मी पाहत होते. माझी नातही त्यातलीच. तिला राजकन्येचं काम मिळालं, कारण तिला गप्प राहता येत होतं. दाईचं काम तिच्या मैत्रिणीला. दोघी एका बाकावरच्या. मैत्रीण आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, तिच्या घरचे नरखेडकडचेच. त्यामुळे मला ती ओळखीची.

तो दिवस एप्रिलमधला. शाळा सकाळची झाली होती. गल्लीत जयंतीच्या पताका अजून लटकत होत्या, उन्हानं रंग उडालेल्या. मॅडमनी सकाळी सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "आज शाळा म्हणजे राजवाडा. जेवणाच्या घंटीपर्यंत. आज जे मोठं माणूस दिसेल ते राजाचा शिपाई. मी पण शिपाई, हेडसर पण, खिचडीवाली आजी पण. दाई राजकन्येला कुठंतरी लपवणार. शिपायांनी कितीही विचारलं, धमकावलं, गोड बोलले, तरी सांगायचं नाही. शिपाई फसवायला बघतील. तुम्ही त्यांना चुकीची वाट दाखवायची."

पोरं किंचाळली. मी कांदे कापत होते.

मॅडमचा विचार दोन घटका खेळ खेळायचा, मग त्या स्वतः शिपाई होऊन शोधायला निघणार, असा होता. त्यांनी नंतर हे पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मला ते खरं वाटतं. पण खेळ सुरू झाला आणि हेडसरनी त्यांना ऑफिसात बोलावलं. वरून कसली तरी माहिती मागितली होती, ती कॉम्प्युटरवर लगेच भरायची होती. लाइन चालेना. मॅडम तिथंच अडकल्या.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. दाई झालेल्या पोरीचा बाप. हेल्मेट न काढता ऑफिसात गेला आणि लगेच बाहेर आला. मी दारातून विचारलं, "काय झालं गा?"

"माय गेली, मावशी. गावाकडून फोन आला. पोरीले सांगत नाही अजून. बिमार आहे म्हणतो."

त्यानं पोरीला उचलून टाकीवर बसवलं. तिच्या डोक्यावर दाईची पांढरी ओढणी तशीच होती. ती मागे वळून वळून बघत होती, काहीतरी म्हणत होती, पण गाडी सुरू होती. मला वाटलं, मैत्रिणींना हात दाखवते आहे. गाडी गेली.

त्यानंतर मी कोठीच्या खोलीत मीठ आणायला गेले.

ती खोली स्वयंपाकघराच्या मागं आहे. वर पत्रा, खिडकी नाही, आणि एका भिंतीच्या पलीकडे माझी भट्टी. उन्हाळ्यात तिथं कोणी उगाच उभं राहत नाही. तिथं मोठी लोखंडी पेटी आहे, तांदळाची. तांदूळ संपला होता, नवा यायचा होता, म्हणून पेटी रिकामी. मी फळीवरून मिठाचा डबा काढला, पेटीवर ठेवला, झाकण उघडलं, ओंजळभर मीठ वाटीत घेतलं, झाकण लावलं, डबा परत फळीवर. पेटीची कडी लावलेली होती, कोयंड्यात खुंटी होती. ती मी पाहिली. ती तशीच असायला पाहिजे होती. मी खिचडीत मीठ घातलं.

घंटी झाली. पोरं रांगेत आली. मी आणि माझ्यासोबत शिजवणारी बाई वाढायला बसलो. माझी नात रांगेत नव्हती. ती नेहमी शेवटी येते, खरपुडीसाठी, गंजाच्या तळाला लागलेल्या खिचडीसाठी. शेवटचं ताट झालं तरी आली नाही.

"राजकन्या कुठी आहे रे तुमची?" मी विचारलं.

"वेशीपार गेली!" चारपाच पोरं एकदम ओरडली आणि एकमेकांना कोपर मारून हसली.

मॅडम ऑफिसातून आल्या. त्यांनीही विचारलं. तेच उत्तर. त्या हसून म्हणाल्या, "छान. पण खेळ संपला आता. घंटी झाली ना? सांगा."

मग राणीचं काम करणारी पोरगी म्हणाली, "शिपाई असेच म्हणतात. खेळ संपला म्हणतात."

"अगं, मी तुमची मॅडम म्हणून विचारते आहे."

"ती तलावाकडे गेली, मॅडम. भिंतीच्या भोकातून."

"खरं?"

"खरंच. दाईसंगं गेली."

दाई तर तिच्या बापासोबत गेली होती, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे पोरगी एकटी तलावाकडे गेली. त्या पळाल्या. चप्पल मागं राहिली. त्यांच्या मागे हेडसर, त्यांच्या मागे माझ्यासोबतची बाई. भगदाडातून एकामागून एक निघाले. मीही निघाले. माझे गुडघे पळण्याच्या कामाचे नाहीत. भिंतीपर्यंत गेले आणि थांबले.

मुलीला फोन लावावा असं मनात आलं. पण तिच्या कंपनीत फोन फाटकावर जमा करतात. आणि लागला असता तर काय सांगायचं होतं? तुझी पोरगी तलावात शोधून राहिलो?

मी मागे वळले. वर्गाच्या दाराबाहेर चपलांची रांग होती. पोरं चपला काढून वर्गात बसतात. रांगेत माझ्या नातीच्या निळ्या चपला होत्या, एकीचा पट्टा मी दाभणानं शिवलेला. मी तिथं उभी राहिले. नागपूरच्या एप्रिलात, दुपार होत असताना, डांबरी रस्त्यावर अनवाणी कोणी जात नाही. ही पोरगी तर अंगणातून नळापर्यंतही चप्पल घातल्याशिवाय जात नाही. ती तलावाकडे गेलेली नव्हती. ती शाळेतच होती. घंटी होऊन गेली होती आणि ती भुकेली होती आणि तरी बाहेर आली नव्हती.

मी पोरांकडे गेले. ती आता हसत नव्हती. मोठ्यांना पळताना पाहून घाबरली होती. पण घाबरलेलं पोर खोटं सोडत नाही, अजून घट्ट धरतं. मी वेशीवरची पहारेकरीण झालेल्या पोरीला दंडाला धरलं. तिच्या हातात झाडूचा भाला होता.

"कुठी आहे ती?"

"तलावाकडे."

"खोटी बोलून राहिली तू. तिच्या चपला इथं आहेत."

"तलावाकडे गेली."

मी तिला एक चापट मारली. ती रडली. रडत रडत म्हणाली, "तलावाकडे गेली." आणि बाकीची पोरं तिच्याजवळ सरकून उभी राहिली. माझ्याकडे अशी बघत होती की मी खरोखरच शिपाई होते.

तेव्हा मला कळलं, ह्यांच्याकडून मारून काही निघणार नाही. ओरडून निघणार नाही, हात जोडूनही नाही. जे जे मी करीन ते ते शिपाई करतात, असं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. नाटक थांबवायचं नाही म्हणून ती उभी होती. मग नाटकातच शिरावं लागणार होतं.

मी राणी झालेल्या पोरीला म्हटलं, "मुकुट दे इकडे."

तिनं दिला. मी तो डोक्यावर ठेवला. माझ्या पांढऱ्या केसांवर तो बसेना, एका हातानं धरून ठेवावा लागला. मी ओट्यावर त्यांच्यापुढं बसले.

"मी शिपाई नाही. मी राणी आहो. मले माझी पोरगी पाह्यजे."

कोणी हसलं नाही. पहारेकरणीनं नाक पुसलं आणि मला नीट पाहिलं.

"राणी तर राज्याबाहेर आहे."

"वापस आली. राजा मेला."

"मी नाही मेलो," मागून राजा म्हणाला.

"मेला तू. चूप पड."

तो खाली आडवा झाला, डोळे मिटून. पहारेकरीण त्याच्याकडे बघत राहिली. राणी घाई करत नाही, एवढं मी भट्टीपुढं बसून वर्गातलं ऐकता ऐकता शिकले होते. मी हात जोडले नाहीत. म्हटलं, "राजा मेला, आता शिपाई राहिले नाहीत. माझी लेक कुठी लपवली दाईनं?"

पहारेकरणीनं भाला खाली ठेवला.

"पेटीत," ती म्हणाली. "कोठीच्या खोलीत. दाई म्हणे, कडी लावली की शिपाई पाहतच नाही."

कडी लावायचा नियम माझा. त्या शाळेत कोणतंही पोर पेटीजवळून गेलं आणि कडी निघालेली दिसली तर लावून येतं, खुंटीसुद्धा. वर्षानुवर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले, उंदीर शिरतात, कडी लावा, पेटी रिकामी असली तरी लावा, नाहीतर पिलं घालतात. नियम उंदरांसाठी बरोबर होता, आजही आहे. त्या पोरीनं राजकन्येला आत झोपवलं, झाकण खाली केलं आणि रोजच्यासारखी कडी लावली, खुंटीसुद्धा. मग ती फाटकाकडे बघायला गेली, शिपाई येतात का. तिचा बाप आला.

मी खोलीत गेले, खुंटी उपटली. पुढचं सांगितलं आहे. ती आत होती आणि उठत नव्हती.

पोरं माझ्या मागं दारात दाटली होती. पहारेकरीण म्हणाली, "टाळी वाजवा लागते, आजी. तशी नाही उठत ती."

मी टाळी वाजवली. म्हटलं, "राजकन्ये, वेस ओलांडली."

पापणी हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मागून पोरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितलं, वेस ओलांडली, वेस ओलांडली. पत्र्याच्या त्या खोलीत कान बधिर झाले. ती पडूनच राहिली. तेव्हा मला कळलं, सोंग नाही.

मी तिला बाहेर ओढलं. आठ वर्षांचं पोर, पण हातापायांत जीव नसला की वजन दुप्पट होतं. ओट्यावर माठ होता. मी तिला माठाखाली आडवी केली आणि माठ उलटा केला. साडीचा तुकडा फाडून काढला. बोट नाकाखाली धरलं. श्वास होता, पण उथळ, धाप लागल्यासारखा, मधेच थांबणारा. अंगाला हात लावला तर भट्टीतल्या विटेसारखं. घाम एव्हाना बंद झाला होता. उन्हात काम करणाऱ्यांना विचारा, घाम बंद होणं म्हणजे काय.

"बोलवा त्यांना तलावावरून," मी पोरांना म्हटलं. "पळा. सांगा, सापडली."

ती पळाली. ह्या वेळी खरं सांगायला.

मॅडम आल्या तेव्हा त्यांची सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली होती. त्या पाण्यात उतरल्या होत्या. पोरीला पाहून त्या जागच्या जागी बसायला लागल्या. मी म्हटलं, "बसू नका. गाडी काढा." त्यांनी स्कूटी काढली. मी मागे बसले, पोरगी दोघींच्या मधे, ओल्या चादरीत. चौकात गाडी बंद पडली. मागून ऑटोवाला शिव्या देत होता. त्यांनी पुन्हा सुरू केली. मी एका हातानं पोरीचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या नाकाखालून काढलं नव्हतं. पूर्ण रस्ताभर मी दुसरं काहीच केलं नाही. एक श्वास आला की पुढच्याची वाट पाहायची.

दवाखाना जवळच्या चौकात होता, एका डॉक्टरचा, दोन खाटांचा. डॉक्टरनं पोरीकडे पाहिलं आणि काही न विचारता बर्फ मागवला. काखेत, मानेखाली, मांड्यांत. सलाइन लावली. मग विचारलं, "कुठं होती?"

"पेटीत," मी म्हटलं.

त्यानं मान वर करून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्यामुळे." तो म्हणाला, "ते नंतर बघा. पुढचा तासभर मी काही सांगू शकत नाही."

आम्ही बाकावर बसलो. मॅडम रडत होत्या. मी त्यांना गप्प केलं नाही आणि समजावलंही नाही. पंख्याचा आवाज होता आणि बर्फाचं पाणी खाटेखालच्या बादलीत टपटप पडत होतं.

नंतर लोकांनी मॅडमना काढून टाका म्हणून सभा भरवली. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पोट्टी माझी आहे आणि मी म्हणत नाही काढा. पेटाऱ्याचं सोंग करायचं तर पेटीत घालायची गरज नाही, दोन पोरींनी साडी आडवी धरली की झाला पेटारा, एवढं त्यांना कळलं असेल तर पुरे. काही आया माझ्याशी अजून बोलत नाहीत. पेटीचा कोयंडा मी वेल्डरकडून कापून घेतला. उंदरांसाठी आता झाकणावर लाकडी पाट ठेवते, जो आतून ढकलला तर पडेल.

पण हे पुढचं. त्या दुपारी पोरीनं आधी हाताचं बोट हलवलं, मग तोंड वाकडं केलं, मग डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येईना. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"वेस ओलांडली का?"

"हाव," मी म्हटलं. "कवाचीच."

तिनं डोळे मिटले. मी पुन्हा तिच्या नाकाखाली बोट धरलं. डॉक्टरनं नाडी पाहिली आणि मान हलवली, ती झोपली होती. पुन्हा जागी झाली तेव्हा पाणी मागितलं आणि म्हणाली, "आजी, तू आली होती ना मीठ न्यायले? माझ्या डोक्यावर डबा ठेवला."

"आली होती. आवाज काहून नाही दिला?"

"मले वाटलं, शिपाई हाय. आज तू शिपाई होती ना."

"अन् मंग?"

"मंग गरम झालं. मंग मी म्हटलं, दाई येईलच."

मॅडम उठून बाहेर गेल्या.

संध्याकाळी माझी मुलगी कळमेश्वरहून थेट दवाखान्यात आली. पोरीला पाहिलं, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुझ्या भरवशावर ठेवली होती न मी हिले." ती बोलत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. दाईचा बाप. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

"मावशी, पोरगी रस्ताभर मले काहीतरी सांगून राहिली होती. गाडीच्या आवाजात समजलंच नाही. मले वाटलं, आजीसाठी रडून राहिली. आता इकडे कोणाच्या मांडीवर बसून नाही राहिली, कोणाले हात लावू देत नाही. एकच विचारते, पेटी उघडली का? कोणती पेटी, मावशी?"

"फोन दे तिले."

तिनं फोन घेतला. तिचा श्वास ऐकू येत होता.

"उघडली," मी म्हटलं. "बाहेर आहे ती. पाणी पिऊन राहिली."

त्या दिवशी तिची आजी गेली होती. माझी नात जगली.